चाकाच्या पोटातला तांबडा रंग

ईशान, तुझा फोटो काल आला. तो रेवाने काढलेला दिसतो, कारण एका कोपऱ्यात तिचं बोट आलं आहे. गॅरेजच्या फरशीवर जुने कागद पसरलेले, मोटारीचं पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं आणि चाकाच्या जागी एक लोखंडी ठोकळा, ओल्या तांबड्या रंगाने चकाकणारा. शेजारी तू उकिडवा बसला आहेस. नाकाच्या शेंड्यालाही रंग लागला आहे. खाली लिहिलं आहेस, "आजी, ब्रेकचे कॅलिपर रंगवले. घरीच. मस्त दिसतात ना?"

मस्त दिसतात. पण मी "छान" एवढंच लिहून फोन उपडा ठेवला आणि उगाच स्वयंपाकघरात जाऊन डबे पुसत बसले. तुझ्या आईने विचारलं असतं तर काय झालं ते सांगता आलं नसतं.

आज अष्टमी. हिंगोलीत दसऱ्याच्या मैदानावर पाळणे उभे राहिले आहेत, संध्याकाळी भोंग्यांचा आवाज गच्चीपर्यंत येतो. देवघरात घटाचं धान वर आलं आहे. अंधारात वाढल्यामुळे पिवळं, नाजूक. पाऊस सरलेला असतो, ऊन मात्र वैशाखाची आठवण करून देतं. बाजारात झेंडूचे ढीग लागतात आणि त्यांचा तो कडवट वास पायाला चिकटून घरात येतो. दरवर्षी हा वास आला की मला पाठोपाठ दुसरा वास येतो. करडईच्या तेलाचा. आणि त्याच्या मागून तिसरा, ऑइलपेंटचा. तिसरा वास आला की मी हातातलं काम थांबवते. काल तो वास तुझ्या फोटोतून आला.

तुम्हा दोघा भावंडांना ही गोष्ट तुकड्यातुकड्याने ठाऊक असेल. दादांचा डावा हात कोपरात थोडा वाकडा होता, एवढं तुमच्या आईने सांगितलं असेल. दादा म्हणजे माझे सासरे. तो हात कशाने वाकला, ते मात्र घरात कोणी फारसं बोलत नसे. त्या दिवशी जीपमध्ये कोण कोण होतं ते आधीच सांगून ठेवते. चालवायला तुमचे आजोबा. शेजारी दादा. मागे माझी नणंद कुशी, आणि तिच्या मांडीवर तिचं लेकरू, नुकतं बसायला शिकलेलं. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे बाई म्हणायचो. नवरा, मुलगा, मुलगी, नातू. बाईंचं सगळं जग त्या एका जीपमध्ये बसून उताराकडे निघालं होतं.

तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, आम्ही परभणी जिल्ह्यातले. गाव साखरा, सगळी कोरडवाहू. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, त्यानंतर एक-दोन पिकं चांगली आली आणि तुमच्या आजोबांनी सरकारी लिलावातली एक जुनी जीप घरी आणली. हिरवट रंगाची, पत्र्याला जागोजाग पोचे. हातब्रेकची दांडी नुसती शोभेला होती, ओढली तर हातात येई. दादांना जीप अजिबात पसंत नव्हती. बैलजोडी दावणीला असली तर शेण तरी मिळतं, हिच्यापासून काय मिळणार, धूर, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. पण जीप दारात उभी असली की तिच्या सावलीत खाट टाकून बसत, हेही खरं.

जीप आली तेव्हा पोळा होऊन गेला होता. आजोबांच्या मनाला ते लागून राहिलं. बैलांची शिंगं रंगली, गळ्यात घागरमाळा आल्या, आणि हिला काहीच नाही. त्यांनी ठरवलं की हिचा पोळा नवरात्रात करायचा. दमणीच्या, म्हणजे छोट्या बैलगाडीच्या, चाकांसाठी आणलेला तांबडा ऑइलपेंट उरला होता. तो त्यांनी ब्रेकच्या ड्रमना द्यायचं ठरवलं.

ईशान, तुझ्या मोटारीला कॅलिपर आहेत, ते बाहेरून एका चकतीला चिमटीत धरतात. आमच्या जीपला ड्रम होते. जाड बिडाचं पातेलं उपडं घालावं तसे दिसायचे. चाकाच्या आत हे पातेलं फिरतं, आणि पायाने ब्रेक दाबला की पातेल्याच्या आतल्या कडेला दोन पट्टे दाबून बसतात, घासतात, आणि चाक थांबतं. एवढंच लक्षात ठेव. आतली कडा. बाहेरून तुम्ही काहीही करा.

आजोबांनी चारही चाकं उतरवली, जीप ठोकळ्यांवर चढवली. ड्रम काढले, रॉकेलने धुतले, तारेच्या ब्रशाने गंज खरवडला, पॉलिश पेपर मारला. अंगणभर तांबूस भुकटी उडाली. जीपबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, नट कोणत्या क्रमाने सोडायचे, काय कुठे बसवायचं ते सांगणारं. आजोबांना इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा बी.ए. होऊन या घरात आले होते आणि माझ्या इंग्रजीचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

पण मी त्यांच्याजवळ बसून वाचू शकत नव्हते. रेवा, तुला हे विचित्र वाटेल. त्या दिवसांत मी बाजूला बसले होते. बाईमाणसाला पाळी आली की तिने घरात शिवायचं नाही, परसातल्या खोलीत राहायचं, तशी रीत होती. त्यात नवरात्र. तेव्हा मी परसाच्या उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचायची, मराठीत सांगायची, आणि आजोबा अंगणातून ओरडून विचारायचे. मधे गोठा. बैल मान वळवून कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत. एका पानावर लिहिलं होतं की घासणाऱ्या भागांना तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये. मी ते वाचलं. आजोबा म्हणाले, हे कळतंय मला, पुढचं वाच.

ते वाक्य आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. बाई आत पुरणाला डाळ निवडत होत्या.

दादा खाटेवर बसून हे सगळं बघत होते. रंगाचा कुंचला ड्रमवर फिरू लागला तसे ते बोलले, "पोळ्याला शिंगं रंगवत्यात, ती चार माणसं बघत्यात तरी. तू चाकाच्या पोटात रंग देऊन राहिला. तो बघणार कोण?"

"चाकाला भोकं हायत ना दादा. त्यातून दिसतंय."

"भोकातून बघाया मी काय उंदीर हाय?"

कुशी खूप हसली. लेकरूही तिचं बघून हसलं. परसातून मीही. अष्टमीची ती दुपार मला अजून तशीच्या तशी दिसते. चार तांबडे ड्रम गोणपाटावर वाळत मांडलेले, ऊन त्यांच्यावर घसरत होतं, आणि कोंबड्या रंगात पाय घालू नयेत म्हणून कुशी हातात काडी घेऊन राखण करत होती. पुढे काय वाढून ठेवलं आहे याची कोणालाच कल्पना नव्हती.

खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड बाहेर निघतं. तुमच्या लहानपणी तुम्ही एकदा आला होतात तेव्हा तुमचे कंपॉस आणि माझी कात्री पाटावर ठेवली होती, आठवतं? त्या काळी पाट पुरत नसे. ओसरीवर सारवून, रांगोळी घालून नांगराचा फाळ, वखराची पास, कुऱ्हाड, विळे, खुरपी, वाकस, पहार, मोटेचं जुनं चाक, विळी, अडकित्ता, पळी, तवा, सगळं ओळीने मांडायचं. बाई पहाटे न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून बसत. पुढ्यात करडईच्या तेलाची वाटी. एकेका अवजाराला राखेने घासून, पुसून, तळहाताने तेल चोळत. घाई नाही. लेकराला मालिश करावी तसं. फाळाला तेल देताना त्या त्याच्याशी बोलत, यंदा दगडाला लागू नको बाबा, म्हणत. मग कुंकू, झेंडूचं फूल, नैवेद्य.

बाईंचा देवावर विश्वास होताच, पण त्याहून जास्त तेलावर होता असं मला वाटतं. दाराची बिजागरी करकरली की तेल. लेकराच्या टाळूला तेल. गुडघा दुखला की तेल. भावाभावांत कुरबूर झाली तर त्या दोघांनाही जवळ बसवून डोक्याला तेल लावत आणि तेवढ्यात भांडण विरघळून जाई. त्यांच्या हातांना सुरकुत्या होत्या पण भेगा कधी दिसल्या नाहीत.

त्या ओळीत ते चार ड्रमही मांडले होते. आजोबांनीच हौसेने मांडले. पूजा झाल्यावर दुपारी ते बसवावेत आणि जीप एकदा माळापर्यंत फिरवून आणावी असा त्यांचा बेत होता. दादांनी साफ नाही म्हटलं. पुजलेल्या लोखंडाला नवमीला कामाला लावायचं नाही. विळीने भाजीसुद्धा चिरायची नाही, मग जीप कशी चालेल? उद्या उत्तरपूजा झाली, पूजा हलवली, की मग हात लाव. आजोबा वाद घालत राहिले. बसवल्यावर चालवून पाहावी लागते असं पुस्तकात आहे, असंही म्हणाले. दादांनी कूस बदलली. त्यांच्याकडे वाद संपवायची हीच पद्धत होती.

म्हणून ड्रम दसऱ्याच्या सकाळी बसले, घाईघाईत. दादांना नरसीला नामदेवाच्या दर्शनाला जायचं होतं, तिथून पुढे कुशीला तिच्या सासरी सोडायचं होतं. ते पागोटं बांधून तयार. कुशीची वळकटी मागे टाकलेली. घरभर तेलाचा वास, कुंकवाचे ठसे, हार. अशा घरात ड्रमनाही तेलाचा वास येतो आहे हे कोणाच्या ध्यानात यावं? आजोबांनी जीप अंगणात पुढेमागे केली. सपाट जागेवर ती आपोआपच थांबली. बोनेटवर झेंडूची माळ चढली आणि जीप गेली. चाकांच्या भोकांतून तांबडा रंग खरोखरच दिसत होता म्हणे. मी पाहिला नाही. त्या सकाळी मी शुद्ध व्हायची होते आणि न्हाणीत बसले होते.

न्हायच्या आधी बाई माझ्या केसांना तेल लावायच्या, मग विटाळ नको म्हणून स्वतःही पुन्हा न्हायच्या. त्या दिवशी तर दसरा. न्हाणीतली चूल पेटलेली, हंड्यात पाणी तापत होतं, धूर डोळ्यांत जात होता. जीपचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला, मग गेला. बाईंची बोटं माझ्या टाळूवर फिरत होती आणि त्या कालच्या पूजेचं सांगत होत्या, कारण मी ती पाहिली नव्हती. फाळाला किती तेल लागलं, तवा कसा काळाभोर निघाला, अडकित्त्याचा खिळा कसा सैल झाला आहे.

"अन् त्या चार पातेल्यांना बी दिलं," त्या म्हणाल्या. "भायेरून रंग ओला व्हता. हात लागला आसता तर पोरानं मनाला लावून घेतलं आसतं. मंग आतून दिलं. आतून उघडंच व्हतं गं, नुसतं चकचकीत. नवमीला लोखंड कोरडं ठिवू न्हाई."

मी मान वळवली. तेल डोळ्यात गेलं.

"आतून म्हणजे कुठे, बाई?"

"आतल्या कडंनं. गोल. चांगलं जिरवून दिलं, मंग फडक्यानं पुसून घेतलं. हलू नको."

पुस्तकातलं ते वाक्य मला इंग्रजीत आठवलं. का ते ठाऊक नाही. मराठीत सांगायला मला शब्द सापडेनात. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "बाई, जीप तिथेच थांबते."

"कुठं?"

"तुम्ही तेल लावलं तिथे. आतले पट्टे त्या कडेला घासतात, तेव्हा चाक थांबतं. तेल असलं तर घासत नाहीत."

"मंग?"

"मग थांबत नाही."

बाईंचे हात तसेच हवेत राहिले. बोटांवरून तेल मनगटाकडे ओघळलं. त्या ओरडल्या नाहीत, कपाळ बडवून घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "कुशीचं लेकरू हाय जीपमंदी."

कोणाला तरी सायकलवर पाठवावं असं मी म्हटलं. बाप्ये सगळे मारुतीच्या पारावर जमलेले, पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. बाई म्हणाल्या, माणूस शोधण्यात येळ जाईल, आणि न्हाणीचं मागचं दार उघडून पांदणीला लागल्या. त्यांच्या मागे मी, अर्ध्या केसांना तेल, अंगावर न्हायचं जुनं लुगडं.

आमच्या गावाहून सेनगावकडे, आणि पुढे नरसीकडे, जाणारा रस्ता तेव्हा माळाला मोठा वळसा घालून जाई. आधी चढ, चढावर एक वाडी, तिथून पुढे माळाच्या पलीकडच्या अंगाने खडीचा उतार थेट नाल्यापर्यंत. नाल्यावर फरशीचा बुटका पूल, कठडा नसलेला. पांदणीने माळ आडवा कापला तर उताराच्या डोक्यावर लवकर पोचता येई. वाडीवर दादांची बहीण, आमची आत्याबाई, राहायची. सणाच्या दिवशी दादांनी तिच्या दारावरून पुढे जाणं शक्य नव्हतं, आणि तिने चहा पाजल्याशिवाय सोडणं शक्य नव्हतं. वाडी चढावर, तिथे थांबायला ब्रेक लागतच नाही. म्हणजे तोवर आजोबांना काही कळणार नव्हतं. उतार लागला की कळणार होतं.

आत्याबाईंच्या बडबडीला आम्ही दोघी एरवी किती नावं ठेवायचो. त्या सकाळी तिच्याच भरवशावर धावत होतो. बोल बाई, बोल, असं मी मनात म्हणत होते. दुधाचं विचार, लुगड्याचं विचार, सोयरिकीचं विचार. साखर संपली आहे म्हण.

पांदणीत दोन्ही बाजूंनी तूर डोक्याएवढी, तळाशी अजून चिखल. बाई गावात कधी डोक्यावर पदर घेतल्याशिवाय दिसल्या नव्हत्या. त्यांचा पदर कुठल्याशा बोरीला अडकला, त्यांनी तो ओढला, फाटला, तशाच पुढे गेल्या. घसरल्या तर आधाराला काही धरता येईना, हात तेलकट. मी एकदा त्यांचं मनगट धरलं तर ते माझ्या हातातून निसटलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना तेव्हाच सगळं नीट कळलं असावं. माझ्या बोलण्याने कळलं नव्हतं तेवढं त्या निसटण्याने कळलं.

माळाचं डोकं दिसायला लागलं तेव्हा हॉर्न ऐकू आला. एकदा वाजून थांबलेला नव्हे. दाबून धरलेला, लांबच लांब, थांबतच नाही असा. सणाच्या दिवशी गाडीवान मौजेने वाजवतात तसा तो नव्हता. बाईंनी विचारलं, "काहून वाजवून राहिला त्यो?" मी आणखी जोरात पळाले.

वर पोचलो आणि खाली पाहिलं. जीप उताराच्या मध्यावर होती. बोनेटवरची माळ वाऱ्याने मागे उडून काचेवर आपटत होती. इंजिन ओरडत होतं; आजोबांनी गिअर खाली पाडला होता. आणि खाली फरशीवर एक बैलगाडी होती. झूल घातलेले बैल, गाडीत देवीला निघालेल्या बायका, पोरं. गाडीवान हॉर्न ऐकून बैलांना ओढत होता, पण बैल भेदरून जागीच फिरायला लागले होते. फरशीवर दोन वाहनांना जागा नव्हती.

त्या क्षणी मी काय केलं ते मला आठवत नाही. बाईंनी काय केलं ते आठवतं. त्यांनी दोन्ही तळहात पुढे धरले, दारात कोणाला अडवावं तसे, आणि त्या हाताच्या इशाऱ्याने जीपला थांब थांब म्हणत राहिल्या. इतक्या वरून.

जीप नाल्याच्या अलीकडे एकदम रस्ता सोडून उजवीकडे वळली. बांधावरून उसळली. मग ज्वारीत शिरली. निसवलेली, माणसाहून उंच ज्वारी. जीप तिच्यात गेली आणि दिसेनाशी झाली. फक्त कणसं हलत पुढे पुढे गेलेली दिसली, जशी पाण्यातून मगर जावी. मग कणसंही थांबली. हॉर्न थांबला. त्यानंतरची शांतता मला हॉर्नपेक्षा भयंकर वाटली.

उतार आम्ही कसा उतरलो, देव जाणे. आधी लेकराचा रडण्याचा आवाज आला. इतकं गोड रडणं मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. काळ्या मातीत चाकं अर्धी रुतली होती. आदल्या आठवड्यात पाऊस झालेला, माती अजून ओली होती, म्हणून तिने जीप धरून ठेवली. कुशी मागे लेकराला पोटाशी घट्ट धरून बसली होती आणि कोणी हात लावला तरी सोडत नव्हती. दादा खाली बसले होते, पागोटं सुटून गळ्यात, डावा हात कोपरातून भलत्याच दिशेला. आजोबा पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसून हाताने चिखल बाजूला करत होते. त्यांना कोणाला लागलं ते दिसत नव्हतं, आम्ही आलो तेही दिसत नव्हतं. माझंच चुकलं, मी बसवताना काहीतरी राहिलं, नट राहिला असेल, मीच मारत होतो सगळ्यांना, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. गाडीवान आणि त्या गाडीतल्या बायका भोवती उभ्या होत्या. दादा वेदनेने पांढरे पडले होते, तरी म्हणालेच, "पुस्तक वाचून बरेक बसवत असत्यात व्हय? उद्याच इकून टाक ही."

मी बाईंकडे पाहिलं. तेलाचं फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मी बोलणार नव्हते. ते माझं बोलणं नव्हतं. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर आजोबांनी जन्मभर ते आपल्या माथी घेतलं असतं, पुन्हा कधी जीपला हात लावला नसता, आणि मी त्यांना रोज बघत राहिले असते. बाई फाटका पदर सावरत पुढे झाल्या. परक्या माणसांसमोर त्या कधी नवऱ्याशी बोलत नसत.

"त्याचं काही चुकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या तेल दिलं व्हतं. आतून. नवमी म्हणून."

आजोबांनी मान वर केली. दादांनी बाईंच्या हातांकडे पाहिलं. तेलावर आता पांदणीची माती बसली होती.

"समद्या चाकांना?" त्यांनी विचारलं.

"समद्या."

"एखादं तरी सोडायचं, कुशीचे माय."

"लोखंडात दुजाभाव कसा करू?" बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं.

दादा हसले. हसताना हात हलला आणि कळ आली म्हणून ते कण्हले, आणि तरी हसले. आजोबा चिखलात बसून लहान मुलासारखे रडत होते. कुशीने तेवढ्यात लेकराला बाईंच्या हातात दिलं. बाई आधी घेईनात. हात मागे नेले. मग लुगड्याला ते खसाखसा पुसले, पुन्हा पुसले, आणि घेतलं.

दादांना त्याच बैलगाडीने नेलं. हाड बसवून घेतलं, पण ते थोडं वाकडंच बसलं. गाडीत आडवं होताना ते गाडीवानाला म्हणाले, बैलाची ही गोष्ट बरी; त्याला तेल लावा, रंग लावा, होऽ म्हटलं की थांबतो.

जीप विकली नाही. आजोबांनी ड्रम पुन्हा उतरवले, पट्टे बदलले, आतल्या कडा पेट्रोलने धुऊन कोरड्या केल्या. बाहेरचा तांबडा रंग तसाच ठेवला. त्या दिवशी बाई त्यांच्याजवळ पाट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एकदा सगळं नीट दाखवायला सांगितलं. कुठे घासतं, कसं थांबतं. आजोबांनी हाताने पट्टा दाबून दाखवला. बाईंनी त्या खरबरीत पट्ट्यावरून बोट फिरवलं. "म्हंजी घासलं तरच थांबतंय," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी सेनगावच्या शाळेत मला शिकवायची नोकरी मिळत होती. घरातल्या सुनेने बाहेर जायचं नाही असं म्हणून दादांनी कूस बदलली. एरवी बाईंनी मला जवळ बसवून तेल लावलं असतं, समजूत घातली असती, आणि मीही विरघळले असते. त्या वेळी त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, म्हणजे कूस बदललेल्या दादांच्या तोंडासमोर, आणि म्हणाल्या, "न्हाई. ती जाईल." मी गेले. पुढची सारी वर्षं गेले. तुमच्या आईची शाळा, तिचं शिक्षण, तुमचं आज तिकडे परदेशात असणं, हे सगळं त्या एका "न्हाई"पाशी येऊन थांबतं असं मला कधी कधी वाटतं. पण ते राहू दे.

प्रत्येक नवमीला मग जीपची पूजा वेगळी व्हायची. ओसरीवरच्या लोखंडाला तेल देऊन झालं की बाई उठायच्या, राखेने हात घासायच्या, शिकेकाईने धुवायच्या, पदराला पुसायच्या, उन्हात धरून वाळवायच्या. मग जीपपाशी जाऊन एकेका चाकावर कोरडा तळहात टेकवायच्या. कुंकू नाही, फूल नाही. चार चाकं, चार वेळा. शेवटी शेवटी त्यांना नीट दिसत नव्हतं, तेव्हा मी त्यांचा हात धरून चाकापर्यंत न्यायची. तो हात कधी माझ्या हातातून निसटला नाही.

ईशान, काल रात्री उशिरा मी तुला विचारलं की रंग चकतीला किंवा आतल्या पट्ट्यांना लागला नाही ना. तिकडे तू कामावर असशील, अजून उत्तर आलेलं नाही. लागला असेल तर हसू नकोस, तो काढून टाक. मग एकटाच बस आणि घरासमोरच्या सपाट गल्लीत हळू चालवून, थांबवून बघ. रेवा तेव्हा फाटकापाशी उभी राहील, मोटारीत नाही.

हे लिहिता लिहिता नवमी उजाडली. मघाशी विळी, अडकित्ता, कात्री आणि तुमच्या आजोबांचा पाना, सगळ्यांना तेल लावून पाटावर मांडलं. आता इथे राख नाही, म्हणून साबणाने हात धुतले. पदराला पुसले. थोडा वेळ खिडकीतल्या उन्हात धरले. आणि मगच तुझा फोटो पुन्हा उघडला, बोटांनी मोठा केला, आणि त्या तांबड्या रंगाच्या मधोमध असलेली चकती चष्मा लावून नीट पाहिली. कोरडी दिसते आहे.